प्लास्टिकमध्ये जपलेली सनद

मी एक जुने लॅमिनेशन मशीन आहे. लातुरात शिकवणी वर्गांच्या गल्लीत शिवशंकरचे झेरॉक्सचे दुकान आहे. तिथल्या मागच्या फळीवर, शाईच्या रिकाम्या डब्यांशेजारी, माझा मुक्काम असतो. अंगावर धूळ साचली आहे, एक रूळ घासतो, पण स्मरणशक्ती शाबूत आहे. नको तितकी शाबूत आहे.

मित्रांनो, माझेही दिवस होते. थर्माकोलच्या गादीत बसून मी या दुकानात आलो, तेव्हा शिवशंकरने मला हळदकुंकू लावून नारळ फोडला होता. दहावी-बारावीचे निकाल लागले की माझ्यापुढे रांग लागायची. गुणपत्रिका एका बाजूने आत जायची आणि दुसऱ्या बाजूने चकाकत, गरमागरम बाहेर यायची. आयाबाया तिच्यावरून हात फिरवत. एका आजोबांनी तर देवणीच्या वळूला प्रदर्शनात पहिल्या नंबराचे मिळालेले प्रमाणपत्र आणले होते! मला वाटे, माणसांची कमाई जपणारा या गल्लीत मी एकटाच. जरा फुगलो होतो, खोटे कशाला बोलू?

एके दिवशी किल्लारीचा भागवत आला. जीपमधून उतरून तडक दुकानात. छातीशी धरलेल्या पंच्यात एक कागद होता. त्याची मुलगी वर्षाराणी नर्सिंगचा डिप्लोमा पास झाली होती, त्याची सनद.

"शिवशंकरदादा, हिला पक्कं बंद करा," तो म्हणाला. "पानी जाऊ नये, माती जाऊ नये. भूकंपात माजी दहावीची सनद घरासंगं गाडली गेली. दुसरी काडून आणस्तोर नोकरीची भरती निगून गेली. तवापासून दुसऱ्याच्या रानात राबून राहिलो. हिचं तसं व्हायला नको."

शिवशंकरने सगळ्यांत जाड प्लास्टिक काढले. मी मन लावून काम केले. एकही बुडबुडा राहू दिला नाही. भागवतने सनद उजेडात धरून उलटसुलट पाहिली आणि डोळे पुसले. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुंदर काम होते, असे मी पुष्कळ दिवस मानत होतो.

दोन वर्षांनी वर्षाराणीला जर्मनीतल्या एका रुग्णालयात जागा मिळाली. पण मित्रांनो, परदेशात आपली पदवी आहे तशी चालत नाही. तिकडच्या शिक्षणाशी ती ताडून पाहतात. किती तास वर्गात शिकलात, किती तास रुग्णांजवळ होतात, म्हाताऱ्यांची सेवा शिकलात का, हे सारे मोजतात. वर्षाराणी त्यासाठी नक्कल काढायला दुकानात यायची, म्हणून मला हे कळले. एकदा ती पेढे घेऊनच आली. तिचे शिक्षण जवळजवळ त्यांच्या बरोबरीचे ठरले होते. थोडे कमी पडले, ते ती तिकडे शिकणार होती.

"फकस्त सनदेच्या मागं सरकारी शिक्का राहिला, काका," ती म्हणाली. "मग पप्पाला कुणाच्या रानात जायची गरज न्हाई."

त्यानंतर ती आली ती बापाला घेऊन, रडवेली. शिक्का मारणाऱ्या कार्यालयाने सनद परत केली होती. शिक्का मूळ कागदावर मारावा लागतो आणि तिचा मूळ कागद माझ्या प्लास्टिकच्या आत होता.

"काका, हे काडता येतंय का?"

शिवशंकरने इस्त्री आणली, कडेने ब्लेड फिरवले. प्लास्टिक हळूहळू सुटू लागले, तसा भागवत पुढे वाकला. मग दिसले की कागदाचा वरचा पापुद्राही प्लास्टिकबरोबर निघतो आहे. वर्षाराणीचे नाव प्लास्टिकला चिकटून वर आले. खाली पांढरा, केसाळ कागद उरला.

मग भागवत खाली बसला. "माजी मातीनं खाल्ली," तो म्हणाला, "आन् हिची म्या खाल्ली."

"पप्पा, तुमाला काय म्हाईत होतं?" वर्षाराणी म्हणाली. पण तिचा आवाज कोरडा होता.

दुसरी प्रत मिळवताना तिने किती खेटे घातले! सनद हरवली नाही, जळली नाही, मग दुसरी कशाला, असे तिलाच विचारत. रुग्णालयाने काही दिवस वाट पाहिली, मग तिची जागा दुसरीला दिली. तिच्याबरोबरच्या मुली विमानात बसल्या. वर्षाराणी इथल्याच एका खासगी दवाखान्यात राहिली.

शिवशंकरने त्या दिवसापासून मला मागे ठेवले. दारावर पाटी लावली, 'मूळ सनदेला लॅमिनेशन केले जाणार नाही'. माझ्यावर राग नाही त्याचा. पण माझ्याकडे बघत मात्र नाही.

परवा नवी सनद आली. नक्कल काढायला बापलेक दुकानात आले. वर्षाराणीला पाकिटातून पैसे काढायचे होते, म्हणून तिने सनद भागवतपुढे केली. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"तूच धर, बाई. माजा हात नगं."

तिने ऐकले. सनद साध्या फायलीत सरकवली, पिशवीत ठेवली आणि चालू लागली.

मित्रांनो, कागद जपा. पण त्याला पुढे कुठे जायचे आहे, हे जपण्याआधी कुणाला तरी विचारा. आणि तुमच्या घरातले कुणी तुम्हाला जपतानाच चुकले असेल, तर तो कागद पुन्हा त्यांच्याच हातात द्या. वर्षाराणीला त्या दिवशी पुन्हा आग्रह करायचे सुचले नाही. भागवत दुकानाची पायरी रिकाम्या हातांनी उतरला.