दुसऱ्याची सही

आमच्या ह्यांना सगळे लिफ्टमास्तर म्हणतात. एकतीस वर्षं हे लिफ्ट दुरुस्त करतायत, आणि त्यातली एकोणीस वर्षं जोडीला एक गणितही. लिफ्ट दुरुस्त व्हायच्या. गणित काही सुटत नव्हतं.

गणित सांगते, घाबरू नका. मी वॉर्डातली नर्स, मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल. कुठलाही आकडा घ्या. सम असेल तर अर्धा करा, विषम असेल तर तिप्पट करून त्यात एक मिळवा. जे येईल त्याला पुन्हा तेच. सात घेतलात तर बावीस, अकरा, चौतीस, सतरा असं वरखाली होत सोळाव्या पायरीला एक येतो. आजवर ज्यानं जो आकडा धरून बघितला तो एकावरच आला. पण प्रत्येक आकडा येणारच, हे अजून कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. भल्याभल्यांनी हात टेकले म्हणे. आणि शाळा सुटल्यावर थेट पान्हा हातात घेतलेल्या आमच्या ह्यांना वाटलं, हे तर आपल्याच धंद्यातलं काम! वर गेलेली खाली आलीच पाहिजे.

मग काय, किराणाच्या यादीमागे आकडे, कॅलेंडरवर आकडे, एकदा तर माझ्या पांढऱ्या गणवेशाच्या खिशावर आकडे. मी आदळआपट केली, बोलणं टाकलं, शेवटी कंटाळून नाद सोडला.

सिद्धता त्यांनी लिफ्टच्या एका कोऱ्या रजिस्टरात लिहिली होती. प्रत्येक लिफ्टच्या मशीनखोलीत असं रजिस्टर असतं: तारीख, तक्रार, काम, आणि शेवटी सह्यांचे दोन रकाने. पहिली सही दुरुस्त करणाऱ्याची. दुसरी दुसऱ्याची, ज्यानं स्वतः आत उभं राहून लिफ्ट वरपासून खालपर्यंत फिरवून बघितली त्याची. ती झाल्याशिवाय दारावरची ‘लिफ्ट बंद आहे’ पाटी निघत नाही. स्वतःचं काम स्वतः पास करायचं नाही, हा ह्यांचा देवाहून मोठा नियम.

विद्यापीठाला त्यांनी चारदा कागद पाठवले होते. उत्तर शून्य. पाचव्यांदा मात्र तिथल्या एका प्राध्यापक बाईंचं पत्र आलं. अशा सिद्धता दर महिन्याला येतात, सगळ्या वाचणं जमत नाही; तुमची एकदा वाचीन, एकदाच, पण आधी दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या. पत्र फोडायचा धीर ह्यांना झाला नाही, माझ्याकडून फोडून घेतलं. एकतीस वर्षं तारांवर लोंबकळलेला माणूस!

रविवारी जेवणं झाल्यावर रजिस्टर माझ्यापुढ्यात आलं.

“दुसरी सही तुझी,” हे म्हणाले.

“माझी? अहो, शेजारी शाळेतले गुरुजी आहेत की.”

“ते न वाचता करतील. तू खोट काढल्याशिवाय चहासुद्धा पीत नाहीस.”

आता ह्याला कौतुक म्हणायचं की टोमणा?

आधी म्हटलं, एक आकडा आपणच फिरवून बघू. दुपारी वॉर्ड शांत असताना औषधांच्या टेबलाशी बसले. सव्वीस घेतला, दहा पायऱ्यांत खाली. सोपं होतं म्हणून पुढचा घेतला, सत्तावीस. तो खाली येईचना. शंभर ओलांडले, चारशे ओलांडले, जरा उतरला, पुन्हा उसळला, हजार, तीन हजार. कागद संपला, मी टेंपरेचरचे जुने तक्ते उलटे करून घेतले. सत्त्याहत्तराव्या पायरीला नऊ हजार दोनशे बत्तीस! एवढासा सत्तावीस, शेजारचा सव्वीस केव्हाच घरी पोचलेला, आणि हा कुठं निघालाय? मग तो उतरायला लागला. एकशे अकराव्या पायरीला एक. मी पेन खाली ठेवलं आणि खरं सांगते, माझे डोळे भरून आले. कुणी ठरवलं हे? ह्याच्यावर तर कुणाचाच हात नाही. एकोणीस वर्षं हा माणूस कशापुढे उभा होता, ते मला त्या दिवशी कळलं.

मग चार रविवार मी रजिस्टर ओळीन्‌ ओळ वाचलं. समजलं नाही तिथं विचारलं, हे शांतपणे समजावत गेले. आणि एक्केचाळिसाव्या पानावर मी थांबले. तिथं लिहिलं होतं: आकडा एकदा तिपटीनं वर गेला की सरासरीनं दोनदा अर्धा होतो, म्हणजे चारातले तीनच भाग उरतात, म्हणून तो खाली येणारच.

सरासरीनं.

आमच्या वॉर्डात पेशंट सरासरी सहा दिवसांनी घरी जातो. आणि नऊ नंबरच्या खाटेवरचे आजोबा, ज्यांच्याबद्दल मी घरी रोज बोलायचे, बासष्टाव्या दिवशीही तिथंच होते. सरासरी सगळ्यांची मिळून असते, एकेकट्याची नसते. हे मला कुणी शिकवायला नको.

गप्प बसून सही करावी, असं आलं मनात. खोटं कशाला बोलू? ह्यांची निवृत्ती महिन्यावर आली होती. रोज संध्याकाळी विचारायचे नाहीत, नुसते माझ्या हाताकडे बघायचे. तीन दिवस मी कामाचं निमित्त केलं. पण माझ्या सहीवर विसंबून हे त्या बाईंपुढे जाणार, आणि बाई एकदाच वाचणार. शेवटी तक्रारीच्या रकान्यात लिहिलं: ‘पान ४१. सरासरी म्हणजे प्रत्येक नव्हे. खाट नऊ.’ सहीचा रकाना कोरा ठेवला.

ह्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. एक्केचाळिसावं पान उघडून ‘सरासरीनं’ ह्या शब्दाखाली रेघ मारली. मग उठून पिशवीतली ‘लिफ्ट बंद आहे’ पाटी काढली आणि रजिस्टरवर ठेवली.

“चुकलं का हो माझं?” मी विचारलं.

“नाही. माझं चुकलं,” ते म्हणाले, आणि आतल्या खोलीत जाऊन पडले. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून रडले. एकोणीस वर्षांत मी ह्या गणिताला शिव्या घातल्या होत्या, आणि आता ते मोडलं तर जीव माझा तुटत होता.

दोन आठवडे पाटी हलली नाही. बाईंना काही पाठवलं नाही. एका दुपारी मी ड्यूटीवरून आले तर हे टेबलाशी बसलेले.

“नऊ नंबरच्या आजोबांचं काय झालं गं?”

“आज घरी गेले. ऐंशीव्या दिवशी. चालत गेले, कुणाचा हातसुद्धा धरला नाही.”

“आले म्हणजे खाली.”

“आले. पण कसे बरे झाले ते डॉक्टरांनाही सांगता येईना. आम्ही सगळ्या दारात उभ्या राहून नुसत्या बघत होतो.”

ह्यांनी पाटी उचलून बाजूला ठेवली, नवं पान उघडलं, तारीख घातली आणि तक्रारीच्या रकान्यात लिहिलं: ‘सगळे आकडे खाली येतात. का येतात ते माहीत नाही.’

“सगळे नका म्हणू,” मी म्हटलं. “आजवर पाहिलेले सगळे.”

ते हसले. किती दिवसांनी! खोडून नीट लिहिलं, खाली सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. कामाचा रकाना कोरा होता. मी दोन्ही ओळी पुन्हा एकदा वाचल्या, सत्तावीस आठवला, आणि दुसरी सही केली.

“हे बाईंना पाठवू या,” मी म्हटलं.