टायपिस्टबाईंवरचा आळ

दर एक तारखेला सकाळी दहाच्या सुमारास दवाखान्याच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसे. नंबर लावलेले पेशंटसुद्धा काचेला नाक लावून उभे राहत. कॉम्प्युटरची 'शुद्धी' करणारे महाराज त्यावरून तांब्याची कांडी फिरवत, "भार उतर, वाट मोकळी कर" असं पुटपुटत, आणि डिस्क भरत आल्याची लाल पट्टी सगळ्यांदेखत निळी होई. मी तिथली नर्स. हात जोडले नाहीत, पण तोंडही उघडलं नाही.

शुद्धी झाली की पेशंटांचे रिपोर्ट मात्र गायब होत. महाराजांचं उत्तर तयार होतं: आधीच्या टायपिस्टबाई वारल्या, पण जीव कॉम्प्युटरमध्ये अडकलाय, त्याच रिपोर्ट ओढून नेतात. एका आजोबांचं ऑपरेशन रिपोर्ट नसल्यामुळे लांबलं, तेव्हा मॅनेजरांनी बाईंचा भिंतीवरचा फोटो उतरवायला सांगितला.

बाईंच्या खुर्चीवर आता त्यांची भाची बसायची. तिनं फोटोला हात लावू दिला नाही.

"मावशीनं तीस वर्षांत एक चिठ्ठी हरवली नाही. मेलेलं माणूस उलट बोलत नाही, म्हणून वाटेल ते त्याच्या माथी मारायचं?"

दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत तिनं कॉम्प्युटर धुंडाळला. महाराज पहिल्यांदा 'तपासायला' बसले होते, त्याच दिवशी त्यात सफाईचा एक प्रोग्राम घातलेला निघाला. दर एक तारखेला दहा वाजता डाउनलोड्समधलं महिनाभर न उघडलेलं सगळं तो आपोआप, कायमचं पुसायचा. मेलवर आलेले रिपोर्ट तिथेच पडून असत. तिनं उरलेले रिपोर्ट दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवले आणि वेळापत्रक बंद केलं.

एक तारखेला कांडी फिरली. दहा वाजले, सव्वादहा झाले. पट्टी लालच. खोलीत कुणीतरी अश्रद्ध आहे, असं महाराज म्हणाले.

"मी आहे," भाची म्हणाली. तिनं प्रोग्राम उघडला, तो घातल्याची तारीख आणि आपोआप चालायची वेळ मोठ्यानं वाचली आणि सफाईचं बटण दाबलं. पट्टी निळी झाली.

महाराज कांडी पिशवीत घालून निघाले. उगाच शोभा नको, जाऊ द्या, असं मॅनेजर पुटपुटले. मी दारात आडवी उभी राहिले.

"शोभा इतके महिने चाललीच होती. आधी फोटोतल्या बाईंची माफी मागा. दोघांनीही."

मागितली.

तपासणी केंद्रानं रिपोर्ट पुन्हा पाठवले आणि आजोबांचं ऑपरेशन पार पडलं. कॉम्प्युटरनं काय पुसायचं, हे कुणीतरी त्याला सांगून ठेवलेलं असतं. काही नाहीसं झालं, तर आधी ती सूचना उघडून पाहा. मेलेल्यांवर आळ घेऊ नका. आणि कुणी घेत असेल, तर माझ्यासारखं महिनोन्महिने गप्प बसू नका.