ज्येष्ठाची खुर्ची

बोईसरच्या एका कारखान्यात चिंधू बत्तीस वर्षं झाडलोट करत, पाणी भरत आणि चहा वाटत आला होता. त्या शनिवारी त्याला अर्ध्या दिवसाची सुट्टी हवी होती. घरी नवं खायचा दिवस होता. शेतातला पहिला तांदूळ शिजवून देवापुढे ठेवल्याशिवाय घरात कुणी तोंडात घालत नसे, आणि तो ठेवायचा वडीलधाऱ्यानं. तोवर सगळे उपाशी. बायको गेल्यापासून चिंधूवाचून अडेल असं घरात हे एवढंच काम उरलं होतं.

"आज सुट्टी कशी देऊ, चिंधूकाका?" मॅनेजर हितेश म्हणाला. "आज तर तुमचाच सन्मान! पुण्याहून मॅडम येतायत, कन्फ्यूशियसवर बोलायला."

"तो कोण?"

"चीनचा जुना विचारवंत. वडीलधाऱ्यांना मान द्या, घरची रीत पाळा, असं सांगायचा."

"मंग त्यानं सुट्टी दिली असती, सायेब."

हितेश मनापासून हसला. सुट्टी मात्र दिली नाही.

चिंधूला शाल घालून मंचावर लाल खुर्चीत बसवलं. तोच वर बसल्यामुळे पाणी आणायला कुणी नव्हतं. वर्षाराणी मॅडमना ठसका लागला तसा तो दोनदा उठला, आणि दोन्ही वेळा हितेशनं त्याला मोठ्या आदरानं खाली दाबलं.

मॅडम बोलत छान होत्या. ज्यानं त्यानं आपलं काम नीट केलं तर घर चालतं, घर चाललं तर राज्य चालतं. चिंधूला सगळं पटत होतं, म्हणून तर त्याला बसवेना.

"बाबा, तुमच्या जगण्याचा अर्थ काय?" मॅडमनी माईक पुढे केला.

"घरी समदी उपाशी हायत," चिंधू म्हणाला. "मी गेलो की जेवतील."

टाळ्याच टाळ्या पडल्या. मॅडमनी डोळे टिपले, ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि गट पाडून पाऊण तास चर्चा करायला सांगितली.

"अहो, त्यांना जाऊ तरी द्या!" पॅकिंगमधली सुलू ओरडली.

"छान मुद्दा," मॅडम म्हणाल्या. "गटात मांडा."

चिंधूनं शालीची घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि चालू लागला.

"काका, फोटो राहिला!"

"खुर्चीचा काढा, सायेब."

गाडीनं त्यानं वाणगाव गाठलं, तिथून टेम्पो मिळाला, पुढे तो चालत गेला. पाड्यावर पोचेतो ऊन कललं होतं. दारात सून जिवली खरकटी ताटं घासत होती.

"नवं झालं?"

"पोरं रडाय लागली, बाबा. मीच ठेवलं देवापुढं."

"तू? देव काय बोलला?"

"काय नाय. तो बी सकाळपासून उपाशीच व्हता."

चिंधू उंबऱ्यावर टेकला. आता आपल्यावाचून कुणाचं काय अडतं, ते त्याला आठवेना.

"हात धुवा," जिवली म्हणाली. "मी जेवली नाय अजून. मला देवासारखी घाई नव्हती."

एक पोट तरी अडून होतं. चिंधू पटकन उठला.