सुरी घालायची नाही

गोठवण, दहा मिनिटं

आत फ्रिजवाल्याच्या पाठीतून दोन सुया किडनीतल्या गाठीत शिरल्या आहेत आणि बाहेर बाकावर त्याची बायको पाण्याची भरलेली बाटली मांडीवर घेऊन बसली आहे. गाठ बोराएवढी. एवढ्याशा बोराचा एवढा घोर कशाला, असं कुणीही म्हणेल. पण या माणसाला किडनी एकच. दुसरी अकरा वर्षांपूर्वी त्याने बायकोला दिली. ही गेली की आठवड्यातून तीनदा मशीनला जोडून घेणं आलं.

किडनी दिल्यापासून रोज सकाळी दात घासता घासता तो बायकोला तिची खबर विचारतो, "भाडेकरू काय म्हणतोय?"

"मजेत आहे. मालकासारखा घोरत नाही."

वितळवण, आठ मिनिटं

"वहिनी, दोन घोट तरी प्या. दिवसाला तीन लिटर सांगितलंय ना तुम्हाला?" शेजारी बसलेली नणंद म्हणाली.

"ते सकाळपासून उपाशी आहेत, वन्सं."

"त्याला आत सुया टोचतायत म्हणून. तुम्हाला कोण टोचतंय?"

"तुम्ही."

नणंदेने कपाळाला हात लावला.

गाठ कळली त्या दिवशी बायकोने डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं होतं, "माझ्यातली काढून यांची यांना परत लावता येईल?"

फ्रिजवाला खुर्चीतून उठलाच. "दिलेली वस्तू मी परत घेत नाही!"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "तशी वेळ यायची नाही. गाठ लहान आहे. सुईने उष्णता देऊन जाळताही येते, पण लघवीची नळी अगदी शेजारी आहे, तिला झळ नको. गोठवली की बर्फाचा गोळा स्कॅनमध्ये दिसतो, कुठे थांबायचं ते कळतं. दोनदा गोठवू, दोनदा वितळू देऊ."

"आणि शेवटी सुई ओढायची घाई नको हं," हा म्हणाला. "लोक फ्रीजरमधला बर्फ सुटावा म्हणून सुरी खुपसतात आणि गॅसच्या नळीला भोक पाडून मला दुरुस्तीला बोलावतात. अर्धा जन्म त्यात गेला माझा."

"बर्फ सुटेपर्यंत आम्हीही सुईला हात लावत नाही."

"मग तुम्ही पास," हा म्हणाला.

गोठवण, पुन्हा दहा मिनिटं

इथे सांगण्यासारखं काही नाही. नणंदेने दोनदा बाटलीचं झाकण उघडून दिलं. हिने दोनदा लावलं.

वितळवण

आठ मिनिटं गेली. बारा झाली. वीस. दार काही हलेना.

नणंदेचा धीर सुटला. "मी आत जाऊन विचारते."

हिने नणंदेचा हात धरला. "बसा, वन्सं. सुरी घालायची नाही."

दोघी हात धरून बसून राहिल्या.

मग दार उघडलं. "गाठ पूर्ण गोळ्यात आली, कडेची थोडी जागाही आली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सुया सावकाश सुटू दिल्या, म्हणून वेळ लागला. रक्त गेलं नाही. तीन महिन्यांनी स्कॅन करू, पक्कं तेव्हाच सांगेन. पण किडनी शाबूत आहे."

मागोमाग ढकलगाडीवरून फ्रिजवाला आला, डोळे अर्धे मिटलेले. ते बायकोवर ठरले, मग तिच्या हातावर.

"बाटली भरलेली कशी?"

"तुम्ही उपाशी, मग मी कशी..."

"अगं, एक किडनी वाचावी म्हणून मी तासभर आत पालथा पडलो. तोंडातून अवाक्षर काढलं नाही!"

"यावर कोण विश्वास ठेवेल?" नणंद म्हणाली.

"आणि दुसरीला तू बाहेर कोरडी ठेवलीस?"

हिने झाकण उघडलं. उभ्या उभ्या अर्धी बाटली रिकामी केली, हनुवटीवरून ओघळ पदरावर आला.

"काय म्हणतोय भाडेकरू?"

तोंड पाण्याने भरलं होतं. तिने हाताने 'थांबा' केलं.

तो थांबला.