सवलतीचा अर्ज

डेला मॅब्रीचं पत्र माझ्याकडे एक्केचाळीस वर्षं उत्तराविना पडून होतं. हरवलं नव्हतं. फडताळातल्या पक्ष्यांवरच्या जाड पुस्तकात, घुबडांच्या पानाशी ते होतं आणि ते पुस्तक मी त्यानंतर कधी वाचायला काढलं नाही.

पत्र रेघांच्या कागदावर, निळ्या शाईत लिहिलेलं होतं.

"नगर कारकून ऑर्विल टिझडेल यांस. नव्या कायद्याप्रमाणे प्रत्येक कुटुंबप्रमुखाने घरात बंदूक आणि काडतुसं ठेवायची आहेत असं कळलं. आमच्याकडे कुटुंबप्रमुख माझे पती हार्लन. गेल्या हिवाळ्यात ते भावाकडे गेलेत असं आम्ही सांगितलं होतं, पण ते दोन महिने मनोरुग्णांच्या दवाखान्यात होते. असली वस्तू त्यांच्या हाताशी नको, असं डॉक्टर म्हणतात. कायद्यात सवलत असेल तर लेखी कळवावं. महिन्याच्या मुदतीत उत्तर आलं नाही, तर सवलत नाही असं समजून मी कायदा पाळीन."

सवलत होती. चौथं कलम मीच टाइप केलं होतं: आजारी माणसं, आणि ज्यांच्या मनाला किंवा धर्माला बंदूक पटत नाही अशी माणसं, यांना कायदा लागू नाही. बाकीच्यांनाही तो म्हणण्यापुरताच होता. उत्तरेकडच्या कुठल्याशा गावाने बंदुकांवर बंदी घातली, म्हणून आमच्या नगराध्यक्षांनी इरेला पेटून केलेला कायदा. दंड नाही, तपासणी नाही. हे सगळ्या गावाला कळत होतं, डेलाला नाही. रिकाम्या चौकातसुद्धा लाल दिवा लागला की थांबणारी बाई ती.

अडचण अशी होती, की आमच्याकडे कारकुनाला आलेलं प्रत्येक पत्र मंगळवारच्या सभेत मोठ्याने वाचायचं आणि मगच त्याला उत्तर द्यायचं. हार्लन शाळेची बस चालवायचा. पत्र वाचलं असतं तर बुधवारी सकाळी त्याच्या हातून बसची किल्ली गेली असती. म्हणून मी त्यावर सवयीने आवक शिक्का मारला आणि ते कचेरीतल्या खणात सारलं. तिला तोंडी सांगू म्हटलं. दोनदा तिच्या फाटकापर्यंत गेलो. एकदा अंगणात पाहुण्यांची गाडी होती. दुसऱ्यांदा कुणीच नव्हतं, तरी मी परत फिरलो. बायकांशी बोलायला मला कधी जमलं नाही, हे कारण आता लिहितानाही हलकं वाटतं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी डेलाने हार्डवेअरच्या दुकानातून बंदूक आणली. बंदूक तिने माळ्यावर ठेवली आणि काडतुसं मक्याच्या पिठात खोल पुरली. हार्लनने स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकलं नव्हतं. पण एप्रिलमधल्या एका रविवारी ती चर्चला गेली असताना, ती परत येईपर्यंत मक्याची भाकरी करून ठेवावी असं त्याच्या मनात आलं. भट्टीत भाकरी अर्धी भाजलेली सापडली. तो मागच्या पडवीत सापडला, बंदूक शेजारी. मी त्या वेळी चर्चमध्ये डेलाच्या मागे तिसऱ्या बाकावर होतो. दुसऱ्या दिवशी मी पत्र खणातून काढून घरी आणलं आणि पक्ष्यांच्या पुस्तकात ठेवलं.

या वर्षी नवे नगराध्यक्ष कोल्टर बॅगवेल यांनी त्या कायद्याला दात बसवायचं ठरवलं. दंड आणायचा आणि चौथं कलम काढायचं. पहिलं वाचन मार्चच्या सभेत होतं, अंतिम मतदान एप्रिलच्या सभेत व्हायचं होतं. मार्चच्या सभेलाच सभागृहात खुर्च्या कमी पडल्या.

"शेरीफची गाडी माझ्या घरी पोचायला चाळीस मिनिटं लागतात," ड्वेन स्टब्स म्हणाला. त्याचं दुकान दोनदा फुटलं होतं. "तोवर काय चोराला कॉफी पाजत बसू?"

"तुझी कॉफी प्यायल्यावर तो आपणहून पळेल रे!" मागून कुणीतरी ओरडलं.

शाळेतल्या नदीन पूलबाई उठल्या. "बंदूक बाळगणं हा हक्क आहे ना? मग सक्ती कशी करता? मतदानाचा हक्क आहे म्हणून मत न देणाऱ्याला तुम्ही दंड करता का?"

"बाई, आमच्या घरात माणसं चार आणि बंदुका अकरा," एक म्हातारा म्हणाला. "एखादी उसनी नेता का?"

हशा पिकला. बॅगवेल हसत माझ्याकडे वळले. "मिस्टर ऑर्विल, तुम्ही त्या वेळचे कारकून. सवलतीसाठी एक तरी अर्ज आला होता का हो?"

मी उठलो. "इतिवृत्तात नोंद नाही," मी म्हणालो. तेवढं खरं होतं.

"बघा! चाळीस वर्षांत एक अर्ज नाही. कुणाला नको असलेलं कलम ठेवायचं कशाला?"

"मी केला होता." डेला पुढच्या रांगेत काठीवर रेलून उभी होती. तिला आता ऐंशी उलटून गेली आहेत. "लेखी केला होता. उत्तर आलं नाही."

बॅगवेल अदबीने म्हणाले, "डेलाबाई, फार वर्षं झाली. माझी आईसुद्धा हल्ली न पाठवलेली पत्रं पाठवली म्हणते. बसा तुम्ही."

लोकांनी तिच्याकडे कीव येऊन पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पायातल्या बुटांकडे बघत होतो.

"असेल," ती म्हणाली. "माझंच चुकलं असेल." आणि बसली.

बाहेर गाड्यांपाशी तिने मला गाठलं. "ऑर्विल, खरं सांग. पत्र पोचलं नव्हतं का रे? तीन कागद फाडून चौथा लिहिला होता, तिकीट जिभेने ओलं करून लावलं होतं. इतकी वर्षं तेवढाच आधार होता, की मी विचारलं तरी होतं. तेही मी मनानेच रचलं असेल, तर मग मी आपणहूनच नेली ना ती वस्तू घरात?"

"डेला..." मी म्हणालो. तेवढ्यात तिची भाची गाडी घेऊन आली. मी दार उघडून धरलं, तिची काठी आत दिली आणि गाडी गेली.

खरं सांगितलं तर तिला कळणार होतं, की ती बंदूक मुळीच आणायला नको होती. न सांगितलं तर ती आपलं डोकं फिरलं आहे असं समजून मरणार होती. यातलं दयेचं कुठलं, ते मला आजही ठरवता येत नाही. पण तिने विचारलं होतं. दोनदा.

दुसऱ्या दिवशी मी घुबडांचं पान उघडलं आणि उत्तर लिहिलं.

"डेला मॅब्री यांस. तुमचं पत्र सात मार्च एकोणीसशे त्र्याऐंशीला पोचलं. शिक्का मारलेलं मूळ पत्र सोबत आहे. चौथ्या कलमाप्रमाणे तुमच्या घराला सवलत होती. बंदूक आणण्याची गरज नव्हती. हे कळवणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. दोष तुमचा नाही. काल सभेतही मी गप्प राहिलो. पत्र सभेत वाचायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. वाचा म्हणालात, तर मी उभा राहून वाचीन."

दुसरं पाकीट सध्याच्या कारकुनाच्या नावाने केलं: सवलतीसाठी एक अर्ज आला होता, तो मी दडवला, माझं कालचं उत्तर खोटं होतं. डेलाचं नाव लिहिलं नाही. हे पत्र मतदानाआधी मोठ्याने वाचावं लागेल.

दारातल्या टपालपेटीत ठेवून, पत्रं न्यायची आहेत अशी खूण म्हणून तिची लाल झेंडी वर केली असती, तर पोस्टमन येईपर्यंत मी दोन्ही पाकिटं परत आत आणली असती. म्हणून चालत टपाल कचेरीत गेलो. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "घाईचं आहे का?"

मी मान हलवली, म्हणजे हो की नाही ते माझं मलाच कळलं नाही. त्यांनी दोन्ही पाकिटांवर शिक्के मारले आणि मागच्या पिशवीत टाकली.