पट्टीवरचा अंगठा

आमच्या कारखान्यात सिरिंजचे खोके गामा किरणांनी निर्जंतुक होतात. प्रत्येक खोक्यात प्लास्टिकची एक पट्टी असते. डोस जितका जास्त, तितकी ती काळपट. तो काळेपणा यंत्रावर मोजणं माझं काम. डोसचा आकडा पंचवीस किलोग्रेच्या खाली आला, की माल अडतो.

आज ट्रक दारात उभा, मग साहेबांना धीर कुठला! पट्टी त्यांनीच काढून आणली. आकडा आला सव्वीस. पण पट्टीवर तेलकट ठसा दिसला, म्हणून मी ती पुसून परत मोजली. तेवीस.

"साहेब, वरचे तीन तुमच्या अंगठ्याचे," मी म्हणाले. "माल जाणार नाही."

साहेबांनी पट्टी उचलली, तिच्यावर अंगठा नीट दाबला आणि माझ्यापुढे धरली.

"हां, आता मोजा."