हात न पोचलेली चिंधी

मैदान

शेपूट आलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

आमच्या धावण्याच्या क्लबात सगळ्यांत मागे राहणाऱ्याला शेपूट म्हणतात. त्याने शर्यत धावायची नसते. वाट दाखवायला बांधलेल्या चिंध्या सोडवत यायचं, अंग तापल्यावर लोकांनी वाटेत टाकलेली जॅकेटं गोळा करायची आणि डोंगर होता तसा मागे ठेवायचा. शेपूट पोचलं की शर्यत संपली. मग सूप.

ह्या खेपेला शेपूट वहिनी होती. ती शिंपीण, चिंध्याही तिच्याच दुकानातल्या. गळ्यात चिंध्यांचा गुंडाळा, कमरेला जॅकेटांच्या बाह्या बांधलेल्या, अशी ती धुक्यातून बाहेर आली.

"कुणी वाळत घातलंय हिला?" खाटीक ओरडला.

"तू गप रे ताडमाडा! खाणीवरच्या झाडाला चिंधी कुणाच्या उंचीने बांधलीस? उड्या मारून दमले. नाही पोचला हात. तेवढी एक राहिलीय, जा, तूच काढून आण."

"आणतो की. आज काहीही आणतो. आज मी पहिला आलोय."

वहिनी थांबली.

"तू?"

खाटीक कधी पहिला येत नाही. तो दुसरा येतो. पहिली येते नाकतोडी, म्हणजे वहिनीची नणंद. सायकली दुरुस्त करते, आणि अंगापेक्षा टांगा जास्त, म्हणून नाकतोडी.

"मग वन्सं कुठायत?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. (खाटीक आता म्हणतो, मला तेव्हाच शंका आली होती. काही नाही. हातात सूपचा वाडगा होता आणि हसत होता.)

आमचा समज असा होता, की माथ्यावर धुकं उतरलं, नाकतोडी भलतीकडे गेली, आणि आता लाजत लाजत मागून येईल. शेपूट आणेल तिला. हे आम्ही इतक्यांदा म्हटलं होतं, की ती आल्यासारखीच वाटत होती.

शेपटामागे कुणी नव्हतं.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवतात आणि शर्यतीला घड्याळ सांभाळतात. किल्ल्यांची फळीही त्यांच्याकडेच. निघताना आपापल्या घराची किल्ली फळीवर अडकवायची, परत आलं की काढून घ्यायची. त्यांनी फळी आमच्याकडे वळवली. एकच किल्ली लोंबत होती. तिला सायकलच्या साखळीचा तुकडा.

वहिनीच्या कमरेची जॅकेटं एकेक करून ज्याची त्याने नेली होती. एक उरलं. निळं. तिने खिशात हात घातला आणि तो तसाच राहिला.

सूपच्या भांड्यापाशी दादा होता. वहिनीचा नवरा, नाकतोडीचा थोरला भाऊ. सूप वाढणारा त्याचा डाव थांबला.

"छोटीचं जॅकेट तुझ्याकडे कसं?"

"बांधावरच्या शिडीला टांगलं होतं. मी आणलं. सगळ्यांचीच आणते ना."

"गोळ्या?"

वहिनीने हात बाहेर काढला. ग्लुकोजच्या गोळ्या. साखरेच्या जेलची नळी.

"ह्या चड्डीच्या खिशात असतात तिच्या."

"नवी चड्डी घातलीय आज," वहिनी म्हणाली. मग अगदी हळू, "खिसा लावायचा राहिला. म्हटलं, शर्यत झाल्यावर लावते."

नाकतोडी शाळेत असल्यापासून इन्सुलिन घेते. साखर उतरली की माणसं बसकण मारतात, घामाघूम होतात. नाकतोडी चालत सुटते. कुठे जातोय, कोण हाका मारतंय, काही कळत नाही तिला. एकदा दुकान उघडं टाकून रस्त्याच्या मधोमध चालत निघाली होती. एका ट्रकवाल्याने हाताला धरून आणून सोडली.

आणि डोंगरावर खाण आहे. जुनी, बंद पडलेली, तळाशी हिरवं पाणी असलेली. वाट तिच्या कडेकडेनेच जाते.

"ती हरवली नाही," वहिनी म्हणाली. "माथ्यावर तिला कळलं असणार, साखर उतरतेय. जॅकेटसाठी उलटी फिरली. वाटेने आली असती तर तुम्हाला भेटली असती. ती सरळ उतारावरून शिडीकडे गेली."

"शिडीपाशी तर तू होतीस," दादा म्हणाला.

"मी येऊन गेले होते." तिने जॅकेट छातीशी धरलं. "जॅकेट घेऊन."

गल्ली, दुसऱ्यांदा

मास्तर अँब्युलन्सला फोन करत होते. ती मैदानापर्यंत येणार, पुढे गाडीवाट नाही. स्ट्रेचर हातांवर न्यायचं, धुक्यात, आणि डोंगरावर आता एक खूण नाही. खुणा वहिनीच्या गळ्यात.

ती पळाली. मैदानाच्या फाटकाला एक चिंधी बांधली, गल्लीच्या वळणावर दुसरी. आम्ही मागे. दादा आणि निम्मे लोक उलट्या बाजूने, माथ्याकडून गेले होते. खाटीक आमच्यात होता, पायांत गोळे आलेले, तरी पुढे.

वहिनीच्या गाठी आम्हाला माहीत आहेत. एका झटक्यात सुटतात, आणि वाऱ्याने सुटत नाहीत. त्या दिवशी ती तिसऱ्याच चिंधीशी अडली. गाठ बसेना. दातात टोक धरलं, ओढलं, चिंधी फाटली.

"दे इकडे," खाटीक म्हणाला. "मी बांधतो, तू हो पुढे."

"खाली बांध!"

"खालीच बांधतोय, बाई."

(इथे आमच्यातला कुणीतरी हसला. कोण, ते कुणीच कबूल करत नाही.)

शिडी

दगडी बांधावरून पलीकडे जायला लाकडी शिडी आहे. तिच्या वरच्या दांड्यावर लोक जॅकेटं टाकतात. दांडा रिकामा होता, ओला.

"वन्सं!"

धुक्याने हाक गिळली.

"छोटी! नाकतोडे!" आम्हीही ओरडलो.

खाणीच्या बाजूने आमचेच आवाज परत आले. मग दगड घरंगळल्याचा आवाज. मग पाण्यात काहीतरी पडल्याचा.

लहान होता तो आवाज. एखाद्या खड्याएवढा. खाटीक कडेकडे धावला आणि वहिनीने त्याचा शर्ट मागून धरला.

"कडा दिसतो का तुला? नाही ना? मग तुला कुठून काढू?"

"मग काय करायचं? उभं राहायचं?"

"विचार करायचा." ती शिडीवर चढली आणि वरच्या दांड्यावर बसली. खरंच बसली. आम्हाला वाटलं, हिचं डोकं फिरलं. "ती इथे आली. जॅकेट नाही. चिंधी नाही. डोकं अजून थोडं शाबूत आहे. मास्तर भोंग्यावर दर शर्यतीला काय कोकलतात?"

आम्ही निघताना ते इतक्यांदा ऐकतो, की ऐकतच नाही. कुणीतरी पुटपुटलं, "वाट चुकलात तर चिंधीपाशी थांबा. शेपूट येईलच."

"चिंधीपाशी थांबा," वहिनी म्हणाली. "आणि चिंध्या मी काढल्या. ह्या बांधाच्या, त्या दगडाच्या, सगळ्या. एकही..."

ती उठली ती सरळ पलीकडे उडी मारूनच.

"ताडमाडा, तुझं झाड!"

झाड

वाटेवरच्या त्या तुकड्याबद्दल आमचं एकमत नाही. एक म्हणतो चढ होता, एक म्हणतो सपाट. वहिनीला तर काहीच आठवत नाही, फक्त हातातलं जॅकेट. आम्हाला आधी चिंधी दिसली. लाल, एकटी, खाटकाच्याच उंचीवर, धुक्यात नुसतीच तरंगत असलेली. मग झाडाचं खोड.

मग तो आवाज. फरपट, फरपट, फरपट.

नाकतोडी चालत होती. झाडाभोवती.

तिने बुटांच्या नाड्या काढून एकमेकींना जोडल्या होत्या आणि आपलं मनगट खोडाला बांधलं होतं. डोकं ताळ्यावर होतं तोवर. पुढचं तिला ठाऊक होतं. पाय चालायला लागले, तेव्हा नाडीने त्यांना दूर जाऊ दिलं नाही. बूट कधीच निसटले होते. मोज्यांनी झाडाभोवती चिखलाचं रिंगण पाडलं होतं, आणि त्या रिंगणाची एक बाजू कड्याला इतकी लागून होती, की तिचा पाय तिथे आला की खडा सुटायचा.

टुप्प.

खाटीक झेपावला. खाली वाकून नाडी ओढायला लागला.

"सोडू नकोस!" वहिनी किंचाळली. "बांधलेली राहू दे! नुसती धर!"

त्याने तिला मागून कवेत धरलं. नाकतोडीने कोपर मारलं, त्याच्या नाकावर. तिचे डोळे उघडे होते आणि आमच्यातलं कुणी त्यांत नव्हतं. कपाळावरून घाम गळत होता, ओठ पांढरे.

"वन्सं, तोंड उघडा. मी आहे. वहिनी."

दात घट्ट.

"अहो, उघडा ना. गोड आहे. थोडंसंच."

मान इकडे, मान तिकडे. जेलची नळी गालावरून घसरली. खाटकाचं रक्त तिच्या खांद्यावर. वहिनीने नळी खाली घेतली. दुसऱ्या हाताने नणंदेची हनुवटी पकडली, आणि तिच्या तोंडून आजवर कधी वन्सं आणि तुम्ही सोडून दुसरं काही आम्ही ऐकलं नव्हतं, ते निघालं.

"ए पोरी! तोंड उघड! उघड म्हणते ना! तुझ्या भावाला काय सांगू मी? आं?"

तोंड उघडलं. बहुधा नवलाने.

"गिळ. अजून गिळ. थुंकलीस तर बघ."

मग काही घडलं नाही. हा भाग आम्ही कुणाला सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. धुकं. खाटीक तिला धरून. वहिनी गुडघ्यांवर, एकेक गोळी तिच्या जिभेवर ठेवतेय. नाकतोडीचे पाय त्याच्या मिठीतही चालतायत. मग सावकाश. मग एकच पाय.

मग तोही थांबला.

"शेपूट आलं का?" नाकतोडीने विचारलं. जीभ जड होती.

"आलं," वहिनी म्हणाली.

"केवढा उशीर."

पुन्हा मैदान

चिंध्यांच्या मागे मागे स्ट्रेचर आलं. त्यावर निजायला नाकतोडी तयार नव्हती. अँब्युलन्समधल्या बाईने बोटातून रक्त काढून तपासलं, डोळे वटारले आणि तिला निजवलंच. निळं जॅकेट अंगावर. निघताना खाटकाने हात वर करून ती चिंधी धरली.

"राहू दे," वहिनी म्हणाली.

"क्लबाचा नियम..."

"राहू दे म्हटलं ना."

बाकीच्या मात्र तिने परतीच्या वाटेवर सगळ्या सोडवल्या. सवयीने. शिडी, दगड, गल्ली, फाटक. ती मागे, आम्ही पुढे, आमच्याही पुढे स्ट्रेचर.

मैदानात मास्तर घड्याळ हातात धरून शेवटच्या रेषेशी उभे होते. ते चालू होतं. बंद करायचं की नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दादाने येऊन बहिणीचा हात धरला आणि सोडेना. स्ट्रेचर त्याच्यासकट रेषेपलीकडे गेलं. आम्ही गेलो.

वहिनी अलीकडे थांबली. तिने मागे पाहिलं, गल्लीकडे, डोंगराकडे. मग आमची तोंडं पाहिली. एकेक. कुणीतरी राहिलं असावं तसं तिने पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

"अगं ये ना," दादा म्हणाला.

"थांब."

मास्तरांनी फळीवरची किल्ली काढली, चालत स्ट्रेचरपाशी गेले, नाकतोडीच्या मुठीत ठेवली. मग रिकामी फळी उचलून वहिनीला दिसेल अशी धरली.

तेव्हा कुठे तिने पाय उचलला.

"वहिनी," स्ट्रेचरवरून आवाज आला. "दोन्ही बाजूंना हवेत हं मला."

"काय?"

"खिसे."

वहिनीने गळ्यातला चिंध्यांचा गुंडाळा काढून तिच्या पायांवर फेकला आणि मटकन खाली बसली.